घरांत आलेला आखाडा

हिंगोलीचा दसरा म्हटला म्हणजे रामलीला मैदान डोळ्यांपुढें उभें राहतें. दीडशें वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या उत्सवांत दुकानें येतात, आकाशपाळणे फिरतात, रावणाचें दहन होतें आणि पंचक्रोशींतील माणूस एकदां तरी तेथें हजेरी लावून जातो. दसऱ्याची गर्दी ओसरली कीं गांवोगांवच्या जत्रांचे दिवस जवळ येतात. आणि मराठवाड्यांत जत्रा म्हटली कीं कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडूं लागते, रेवड्यांवरच्या नि नारळावरच्या कुस्त्यांनीं पोरेंसोरें फडाला तोंड लावतात, आणि दिवस मावळतांना मानाची कुस्ती लागते. या फडाचा एक नियम कोणीं कागदावर लिहून ठेवलेला नाहीं, तरी तो सर्वांना ठाऊक असतो. ज्याची पाठ मातीला लागली त्यानें अंगावरची माती झटकावी, बाजूला व्हावें आणि पुढच्या जोडीला जागा करून द्यावी.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या नियमानें महाराष्ट्रांतील लहानमोठ्या गांवांत एक निराळेंच रूप घेतलें. बसस्थानकाच्या आसपास किंवा टॉकीजच्या शेजारीं एकादी अंधारी खोली भाड्यानें घेऊन कोणीतरी व्हिडिओ गेमचें दुकान थाटी. खोलींत माणसाच्या उंचीच्या दोनचार पेट्या असत. पेटीच्या वरच्या अंगाला काचेआड पडदा, खालच्या अंगाला दोन दांडे, प्रत्येक दांड्याशेजारीं बटणांच्या रांगा आणि त्याहि खालीं नाणें टाकावयाची फट. पडद्यावर दोन मल्ल एकमेकांपुढें उभे राहत, आणि त्यांना लढविणारीं दोन पोरें खांद्याला खांदा लावून दांडे धरीत. मागें पांचदहा जणांचें कोंडाळें जमे. जो हरे त्याचें नाणें संपे; त्यानें दांडा सोडून मागें व्हावें आणि वाट पाहणाऱ्यानें आपलें नाणें टाकून पुढें यावें. जिंकणारा मात्र पूर्वींच्याच नाण्यावर उभा राही. हरला तो हटला, एवढाच त्या खोलीचा कायदा होता. आणि तो फडाच्या कायद्याहून फारसा वेगळा नव्हता.

त्या पेट्यांत कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर’ असे, एस्. एन्. के. कंपनीचा ‘किंग ऑफ फायटर्स’ असे. आणि १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ असे. या शेवटच्या खेळाचें इंग्रजी नांव पोरांनीं कधींच स्वीकारलें नाहीं. त्यांतील एका पात्राचें नांव उचलून भारतभरच्या मुलांनीं त्या खेळाला ‘मुस्तफा’ म्हटलें, आणि तेंच त्याचें खरें नांव होऊन बसलें. पेट्यांतील सर्किटच्या पाट्या पुष्कळदां नकली असत, बटणें अर्धवट चालत, आणि ऐन रंगांत वीज गेली तर खेळहि जाई नि नाणेंहि जाई. तरी दुसऱ्या दिवशीं तींच पोरें पुन्हां त्याच दारांत उभीं असत.

ही दुकानें आतां बहुतेक मिटलीं आहेत. परंतु त्यांतील खेळ परत आले आहेत, आणि तेहि सुटे सुटे नव्हेत, तर एकाद्या ग्रंथकाराच्या समग्र वाङ्मयासारखे एकत्र बांधलेले. २९ मे २०१८ रोजीं जपानच्या कॅपकॉम कंपनीनें ‘स्ट्रीट फायटर : थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ या नांवाचा संग्रह प्रसिद्ध केला. १९८७ पासून १९९९ पर्यंत दुकानांतील पेट्यांसाठीं निघालेले त्या मालेंतील बारा खेळ त्यांत आहेत, आणि दूरचित्रवाणीच्या संचाला जोडावयाच्या कन्सोलवर ते सर्व घरीं बसून खेळतां येतात. २०२२ सालीं त्याच कंपनीनें आणखी दहा जुन्या खेळांचा दुसरा संग्रह काढला. म्हणजे हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीच्या एकाद्या घरांत तो जुना आखाडा आज बैठकीच्या खोलींत येऊन बसूं शकतो. प्रश्न एवढाच उरतो, कीं आखाड्याबरोबर फडहि घरांत येतो काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं संग्रहांत काय आहे तें नीट पाहिलें पाहिजे. दोघांनीं समोरासमोर लढावयाचा खेळ १९८४ सालच्या ‘कराटे चॅम्प’ मध्यें बऱ्याच अंशीं आकाराला आला होता. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९८७ सालीं, ताकाशी निशियामा यांच्या दिग्दर्शनाखालीं पहिला ‘स्ट्रीट फायटर’ निघाला. त्याच्या मोठ्या पेटीवर सहा बटणांच्या ऐवजीं रबराच्या जाड गाद्या बसविलेल्या होत्या. गादीवर जितक्या जोरानें बुक्की मारावी तितका पडद्यावरचा ठोसा जोरकस होई. कल्पना मोठी नामी; पण माणसाचा हात यंत्राइतका चिवट नसतो. पुढें गाद्या जाऊन सहा बटणें रूढ झालीं. तीन ठोशांचीं नि तीन लाथांचीं. हलकें, मध्यम आणि भारी. दांडा खालीं, मग तिरपा, मग पुढें असा फिरवून ठोशाचें बटण दाबलें कीं मल्लाच्या हातांतून तेजाचा गोळा निघे. ही किल्ली त्या पहिल्या खेळांत गुप्त होती. ती एकाकडून दुसऱ्याकडे कानोकानीं जाई, आणि ज्याच्याजवळ ती असे त्याला तालमींतल्या वस्तादाचा मान मिळे.

आज हा पहिला खेळ उघडून पाहणाऱ्यास तो ताठर नि रुक्ष वाटतो. परंतु त्यालगतचा १९९१ सालचा ‘स्ट्रीट फायटर दोन’ उघडला म्हणजे काळोख्या बोळांतून एकदम चौकांत आल्यासारखें होतें. अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा यांच्या या रचनेंत आठ मल्ल निवडीसाठीं उभे आहेत, आणि प्रत्येकाची लढण्याची रीत निराळी आहे. रशियाचा झांगिएफ हा कुस्तीगीर. त्याचा हुकमी डाव टाकावयाचा तर दांडा सबंध गोल फिरवावा लागतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या अगदीं अंगाशीं भिडावें लागतें. चीनची चुन्-ली चपळ. तिच्या लाथा डोळ्यांना मोजतां येत नाहींत. अशा आठ स्वभावांतून आपल्या स्वभावाचा मल्ल हुडकावा आणि मग त्याच्यावर महिनोगणती मेहनत घ्यावी, असा हा खेळ आहे.

या आठांत भारताचाहि एक मल्ल आहे. त्याचें नांव धाल्सीम. तो योगी आहे, त्याच्या गळ्यांत कवट्यांची माळ आहे, त्याचे हातपाय रबरासारखे लांबतात, आणि तो तोंडांतून अग्नि सोडतो. त्याच्या लढतीमागें हत्ती उभे असतात. भारतांत असें नांव कोणाचें नसतें, आणि योगासनांनीं कोणाचे हात लांब होत नाहींत, हें सांगावयास नको. जपानी चित्रकारांना दुरून जो भारत दिसला तो हा, जादूगाराच्या जाहिरातींतला. गामा पहिलवानानें १९१० सालीं लंडनला जाऊन तेथील मल्लांना आव्हान दिलें, त्या घटनेला त्यावेळीं ऐंशीं वर्षें होऊन गेलीं होतीं. तरी खेळांतला भारतीय लढवय्या लंगोट लावून मातींत उतरलेला नव्हता. मात्र धाल्सीमच्या रचनेंत एक शहाणपण आहे तेंहि नाकारूं नये. तो संथ आहे. धसमुसळ्याच्या हातीं तो लगेच पडतो. अंतर राखावें, समोरच्याच्या चालीची वाट पाहावी, आणि त्यानें पाऊल टाकतांच त्याला लांबून अडवावें, असें ज्याला साधतें त्याच्याच हातीं तो जिंकतो.

या संग्रहाचें खरें मोल एकेका खेळांत नाहीं. तें त्यांच्या क्रमांत आहे. ‘स्ट्रीट फायटर दोन’ तयार होत असतांना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या एक विचित्र गोष्ट ध्यानांत आली. मधल्या एका फेरींत मल्लाला मोटार फोडावयाची असते. तेथें एक ठोसा पुरा होण्याआधींच त्याला दुसरा जोडतां येतो, असें त्यांना दिसलें. ही रचनेंतील चूक होती. पण ती साधणें इतकें अवघड वाटलें, कीं ती दुरुस्त न करतां तशीच राहूं दिली. खेळणाऱ्यांनीं ती हुडकून काढली, तिच्यावर तासन् तास मेहनत घेतली, आणि तिलाच खेळाचा प्राण बनविलें. दोन वर्षांनीं, १९९३ सालच्या ‘सुपर स्ट्रीट फायटर दोन’ मध्यें, त्या जोडठोशांची संख्या पडद्यावर मोजून दाखविली जाऊं लागली. चूक होती ती नियम झाली. आज सर्व लढतींच्या खेळांत जिला ‘कॉम्बो’ म्हणतात ती हीच.

दुसरी गोष्ट १९९२ सालची. मूळ खेळांत चोरून फेरफार केलेल्या पाट्या बाजारांत आल्या. त्यांपैकीं ‘रेनबो’ या नांवानें ओळखली जाणारी विशेष गाजली. तींत मल्ल भलत्याच वेगानें धांवत आणि उडी मारतां मारतां हवेंतच तेजाचे गोळे सोडीत. खेळाचा तोल पार बिघडलेला; पण लोकांना तो वेग आवडला. मूळ कंपनीनें नकलेकडे नाक मुरडून पाहिलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस तिनें स्वतःची वेगवान आवृत्ति काढली, आणि हवेंतले कांहीं डाव तोल सांभाळून तींत घेतले. संग्रहांतील चौथा खेळ तो हा. तेव्हां हे बारा खेळ क्रमानें खेळणें म्हणजे कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामधला बारा वर्षांचा संवाद ऐकणें होय. जगांतल्या अंधाऱ्या खोल्यांत उभ्या असलेल्या पोरांनीं या खेळांच्या घडणींत आपला वांटा टाकलेला आहे. आणि तो वांटा क्रमानें वाचल्यावांचून दिसत नाहीं.

असा संग्रह नसता तर हें सारें कदाचित् नाहींसेंच झालें असतें. १९९३ पासून कॅपकॉमनें आपल्या पाट्यांची चोरी थांबविण्यासाठीं एक युक्ति केली. खेळाची आज्ञावली सांकेतिक लिपींत ठेविली आणि ती उलगडण्याची किल्ली पाटीवरच्या एका लहानशा बॅटरीच्या आधारानें टिकणाऱ्या स्मृतींत ठेविली. बॅटरी संपली कीं किल्ली पुसली जाते, आणि पाटी धडधाकट असूनहि मुकी होते. कुलूप इतकें पक्कें केलें, कीं काळानें मालकालाच बाहेर कोंडलें. कन्सोलवरचा संग्रह अशा मुक्या होऊं घातलेल्या यंत्रांना नवें शरीर देतो. जुन्या यंत्रांतील प्रत्येक भाग जसें वागे तसेंच वागणारी आज्ञावली तयार करून तिच्यावर मूळचाच खेळ चालवितात. खेळ जुनाच राहतो. त्याचें यंत्र तेवढें कल्पनेचें असतें. बारा खेळांचा संग्रह सिद्ध करणाऱ्या अमेरिकेंतील डिजिटल इक्लिप्स या संस्थेनें त्यास मूळ रेखाटनें, संगीत आणि मालेचा इतिहास यांचीहि जोड दिली आहे.

महाराष्ट्राला ही संग्राहक वृत्ति नवी नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला, आणि राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना त्यांत मल्लविनोदाला स्वतंत्र जागा दिली. आधुनिक काळीं बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत सिद्ध केले. तालमींतले वस्ताद एकामागून एक निघून जात होते. त्यांच्याबरोबर डाव नि पेच जाऊं नयेत म्हणून ते कागदावर उतरविण्याची ही खटपट होती. ती झाली नसती तर पुष्कळ ज्ञान मातींत मिळालें असतें. परंतु ज्ञानकोश वाचून कोणी पहिलवान होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. पुस्तकांतला डाव अंगांत मुरवावयास समोर माणूस लागतो, आणि तो माणूस आपल्याला पाडावयाच्या ईर्ष्येनें आलेला असावा लागतो.

संग्रहाची मर्यादा नेमकी येथें आहे. हिंगोलींतील चाळिशीच्या पुढें गेलेल्या एका गृहस्थाची कल्पना करावी. लहानपणीं दुकानांतल्या पेटीवर त्याचा हात बसलेला होता. आतां घरांत कन्सोल आला, संग्रह आला, आणि रविवारीं दुपारीं तो मोठ्या हौसेनें बसला. पहिल्या दहा मिनिटांत त्याला कळतें, कीं हात विसरलेला नाहीं, पण हत्यार बदललें आहे. उभ्यानें मनगटाच्या जोरावर फिरविलेला दांडा आतां नाहीं. मांडीवर धरावयाच्या लहानशा नियंत्रकावर अंगठा फिरवावा लागतो. खाशाबा जाधवांची गोष्ट या ठिकाणीं आठवते. तांबड्या मातींत तयार झालेला हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर उतरला तेव्हां ती जमीन त्याला परकी होती. तरी तो सहावा आला. मग त्यानें गादीची संवय केली, आणि १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक मिळविलें. डाव तोच होता. पायांखालची जमीन पुन्हां शिकावी लागली. आपल्या गृहस्थाचा अंगठाहि आठपंधरा दिवसांत शिकतो.

खरी अडचण निराळीच निघते. या संग्रहांत खेळ वाटेल तेथें थांबवून ठेवतां येतो आणि त्याच क्षणापासून पुन्हां सुरू करतां येतो. नाणें टाकावयाचें नाहीं, मागें कोणी ताटकळत उभें नाहीं. गृहस्थ लढतीच्या आधीं खूण करून ठेवतो, हरला कीं खुणेपाशीं परततो, आणि विसाव्या खेपेला शेवटच्या प्रतिस्पर्ध्याला लोळवून विजयानें मागें पाहतो. मागें त्याची बारा वर्षांची मुलगी बसलेली असते.

“बाबा, तुम्ही मघाशीं एकोणीस वेळां हरलात ना?” ती विचारते, “मग हें जिंकणं कसलं?”

मुलीच्या प्रश्नाला उत्तर नाहीं. दुकानांत जो हरे त्याचें कांहींतरी जाई. नाणें जाई, जागा जाई, चारचौघांत मान जाई. त्या जाण्यामुळेंच जिंकण्याला अर्थ येई. ज्या लढतींत हरणाऱ्याचें कांहीं जात नाहीं, तिच्यांत जिंकणाऱ्याला तरी काय मिळावें? संग्रहानें खेळ जशाचा तसा आणला, रंग आणले, सूर आणले. हरण्याची भीति तेवढी दुकानांत राहिली. लढतीच्या खेळाचा अर्धा भाग यंत्रांत असतो, अर्धा दोन माणसांच्या मधल्या हवेंत असतो. आणि ती हवा कोणत्याहि तबकडींत भरतां येत नाहीं.

याची साक्ष पाहावयाची असेल तर २००४ सालची एक लढत पाहावी. संग्रहांतील शेवटचा खेळ, १९९९ सालचा ‘थर्ड स्ट्राइक’, यांत एक धाडसी उलटडाव आहे. ठोसा अंगावर येत असतांना मागें न सरतां नेमक्या क्षणीं दांडा पुढें दाबला तर तो ठोसा वाया जातो. सेकंदाचे साठ भाग केले तर त्यांपैकीं मोजक्याच भागांत हें साधावें लागतें. चुकलें तर मार पुरा बसतो. कॅलिफोर्नियांतील ‘इव्हो’ स्पर्धेंत जपानच्या दाइगो उमेहारा याच्या मल्लाचा प्राण केवळ धुगधुगीपुरता उरला होता. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन्-लीला लढवीत होता. तिच्या पंधरा लाथांची माळ सुटली. उमेहारानें त्या पंधराच्या पंधरा तशाच पुढें होऊन उधळून लावल्या आणि उलट डाव टाकून लढत जिंकली. स्पर्धेचें अंतिम जेतेपद त्याला मिळालें नाहीं. तें दुसऱ्यानेंच नेलें. तरी ती लढत लोक आजहि पुन्हां पुन्हां पाहतात. त्या चित्रफितींत लाथांइतकाच प्रेक्षकांचा आरडाओरडा महत्त्वाचा आहे. प्रत्येक लाथ चुकतांच तो चढत जातो. जत्रेच्या फडांत हुकमी डाव पडतांना जी आरोळी उठते, तीच ती. एकट्यानें घरीं बसून ती पंधरा वेळां साधली असती, तर ती केवळ कसरत झाली असती.

तर मग जुनीं दुकानेंच बरीं होतीं, असा निष्कर्ष काढावा काय? तो काढण्याची घाई करूं नये. त्या काळच्या वडील माणसांना हीं दुकानें आवडत नसत, आणि त्यांची नापसंती अगदींच निराधार नव्हती. किराण्यांतून उरलेले सुटे पैसे दुकानदाराच्या डब्यांत जात, शाळेची घंटा ऐकूं येत नसे, आणि खोलींत थोराड टोळक्याच्या विडीसिगारेटचा धूर कोंडलेला असे. त्या खोलीची एक थोरवीहि होती. वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच पेटीपुढें खांद्याला खांदा लावून उभे राहत, आणि पेटीला त्या दोघांतला फरक कळत नसे. परंतु या समतेला एक मोठें भोंक होतें. त्या खोलींत मुली बहुधा दिसत नसत. पडद्यावर चुन्-ली होती. पडद्यापुढें तिच्या वयाची मुलगी नव्हती. कोणीं पाटी लावलेली नव्हती, तरी दार बंद होतें.

कुस्तीच्या फडाचेंहि तसेंच होतें, आणि तें दारहि हळूहळू उघडत आहे. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून चालू आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी मात्र २०२३ च्या मार्च महिन्यांत सांगलीस झाली, आणि तो मान प्रतीक्षा बागडी हिनें मिळविला. दोहोंमध्यें बासष्ट वर्षें गेलीं. घरांत आलेल्या आखाड्याचा मोठा लाभ येथें दिसतो. दुकानाच्या उंबरठ्यावर जी थांबली असती ती मुलगी आज घरच्या सतरंजीवर बसून नियंत्रक हातांत घेते, आणि तिला कोणाची परवानगी लागत नाहीं.

म्हणून आपल्या गृहस्थाच्या घरीं पुढें काय व्हावें, हें सांगणें अवघड नाहीं. खुणेपाशीं परतण्याची सोय त्यानें बंद करावी आणि दुसरा नियंत्रक मुलीच्या हातीं द्यावा. पहिल्या आठवड्यांत ती हरेल. तिला हरूं द्यावें. मुद्दाम हरून तिचा अपमान करूं नये. जो गोळ्याचा डाव त्याला बसस्थानकाजवळच्या खोलींत कोणीतरी कानांत सांगितला, तो त्यानें तिला सांगावा. मग एके दिवशीं ती धाल्सीमला घेऊन बसेल, लांबून लांबून अडवीत बापाला जेरीस आणील, आणि बाप म्हणेल, “असं लांबून काय मारतेस? जवळ येऊन लढ कीं!” दुकानांतहि हरणारे हेंच म्हणत असत. त्यावर ती ज्या तऱ्हेनें हसेल, तें हसणें बारा खेळांच्या संग्रहांत कोठेंहि नोंदलेलें नाहीं.

नंतर शेजारचीं पोरें येतील, मावसभाऊ येतील, मुलीच्या मैत्रिणी येतील. नियंत्रक दोनच आणि जीव सातआठ, असें झालें कीं कायदा आपोआप लागूं होईल. हरला तो हटला. हरली ती हटली. नाणें नको, दंड नको. सतरंजीवरची पुढची जागा सोडून मागें जाऊन बसणें एवढा पण पुरेसा आहे. तेव्हां मघाच्या प्रश्नाचें उत्तर असें येतें, कीं आखाडा पेटींतून घरांत येतो, फड येत नाहीं. फड माणसांना जमवावा लागतो. मात्र जमविला तर तो पूर्वींच्या फडाहून मोठा होऊं शकतो. कारण पूर्वीं ज्यांना दारांतून आंत घेतलें जात नव्हतें, त्यांनाहि आतां त्यांत उतरतां येतें.

दुकानांत फुकट गेलेल्या वर्षांची ज्यांना खंत वाटते, त्यांनीं शेवटीं एवढें ऐकून ठेवावें. २०२३ च्या सप्टेंबरांत चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, आणि ‘स्ट्रीट फायटर’ हा त्यांतील एक पदकाचा प्रकार होता. भारताचेहि दोन खेळाडू त्यांत उतरले होते. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान्-वू यांनीं जिंकलें. व्हिडिओ गेमच्या प्रकारांत त्यांच्या देशाला मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक होतें. किम त्यावेळीं ४४ वर्षांचे होते. म्हणजे ज्या पिढीनें हा खेळ दुकानांतल्या पेटीपुढें उभें राहून शिकला, त्या पिढीचे. त्यांच्यापुढें तरुण हात होते, चपळ डोळे होते. परंतु पुष्कळ वर्षें पुष्कळ माणसांकडून हरत हरत जें शिकलेलें असतें, तें वयानें लौकर जात नाहीं. हिंगोलीच्या जत्रेंतला म्हातारा वस्तादहि फडाच्या कडेला बसून पोरांना हेंच सांगत असतो : डाव कोणाहिकडून शिकतां येतो, पण लढावयाचें तें माणसाशीं.